मूलपेशी : उपचाराची आशा आणि विवेकाचा प्रश्न

मूलपेशी, म्हणजेच ज्यांना आपण वर्तमानपत्रांतून ‘स्टेम सेल’ या नावाने ओळखतो, त्यांच्याविषयीच्या बातम्या गेली पंचवीस वर्षे सातत्याने येत आहेत. कधी दृष्टिहीनांना दृष्टी मिळण्याची शक्यता वर्तवली जाते, कधी मधुमेहाच्या रुग्णाची इन्सुलिनच्या इंजेक्शनांतून सुटका झाल्याचे वृत्त येते, तर कधी ख्रिस्तसभेने या संशोधनाचा निषेध केल्याचे छापून येते. या सर्व बातम्या एकत्र वाचल्यावर अनेक श्रद्धावंतांचा असा समज होतो, की कॅथलिक ख्रिस्तसभेचा मूलपेशींच्या उपचारालाच विरोध आहे. हा समज चुकीचा आहे आणि प्रसंगी तो घातकही ठरू शकतो. घरातील एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्यावर डॉक्टर मूलपेशींच्या प्रत्यारोपणाचा सल्ला देतात, तेव्हा आधीच खचलेल्या आईवडिलांच्या मनावर विनाकारण अपराधभावाचे ओझे पडू नये, असे आम्हांला वाटते.

दुसरीकडे, ‘स्टेम सेल’ हे नाव ऐकताच कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवून आयुष्याची पुंजी मोकळी करणारी कुटुंबेही आहेत. या दोन्ही टोकांपासून दूर राहावयाचे असेल, तर मूलपेशी म्हणजे काय, त्या कोठून मिळतात आणि त्यांच्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी काय आहे, हे समजून घेतले पाहिजे.

मूलपेशी म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्वचेची पेशी त्वचेचे काम करते, हृदयाची पेशी आकुंचन-प्रसरण पावते, मेंदूची पेशी संदेश वाहून नेते. एकदा पेशीला असे ठरावीक काम मिळाले, की ती सहसा दुसरे काम करीत नाही. मात्र पेशी झिजतात आणि मरतात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिची जागा घेण्यासाठी आपले शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार करीत असते. हे कार्य अखंड चालावे म्हणून काही पेशी राखीव ठेवलेल्या असतात. शेतकरी घरात आलेले सर्व भात कांडून खात नाही, पुढील पेरणीसाठी बियाणे बाजूला काढतो, तशीच ही व्यवस्था आहे. राखीव पेशी विभागली, की तिच्यापासून पुन्हा राखीव पेशी निर्माण होऊ शकते आणि कामाला लागणारी पेशीही निर्माण होते. या राखीव पेशींना मूलपेशी म्हणतात.

मूलपेशींचे दोन मुख्य प्रकार आपण ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला प्रकार जन्मलेल्या माणसाच्या शरीरात असणाऱ्या मूलपेशींचा. त्यांना प्रौढ मूलपेशी म्हणतात. लहान बालकाच्या शरीरातील अशा पेशींनाही हेच नाव आहे. त्यांची क्षमता मर्यादित असते. रक्ताची मूलपेशी रक्तातीलच निरनिराळ्या पेशी तयार करते. दुसरा प्रकार भ्रूणातील मूलपेशींचा. गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणात त्या आढळतात आणि शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनण्याची क्षमता त्यांच्यात असते. पुढील सारा वाद या दुसऱ्या प्रकाराभोवती निर्माण झाला.

अस्थिमज्जा आणि नाळ : जुना व निर्वेध मार्ग

आपल्या हाडांच्या आत अस्थिमज्जा नावाचा मऊ भाग असतो. रक्त तेथे तयार होते. कॅनडातील टोरांटो येथील अर्नेस्ट मॅकुलॉक आणि जेम्स टिल या शास्त्रज्ञांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशी असल्याचा पुरावा दिला. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी त्याआधीच, १९५०च्या दशकात, अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाचे प्रयत्न आरंभले होते. या कार्यासाठी त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले.

आपल्या देशात हा उपचार प्रथम मुंबईत यशस्वी झाला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले. बालपणी झालेल्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीतून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी भारतात रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचे एक नवे दालन उघडले. पुढे १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी आणखी एक पाऊल टाकले. रक्तक्षयाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराने ग्रस्त असलेल्या बालकाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देण्यात आले आणि ते बालक बरे झाले. एरवी प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतही जीवनदायी मूलपेशी असतात, हे त्यातून सिद्ध झाले.

रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारख्या विकारांवर आज जे मूलपेशी-प्रत्यारोपण केले जाते, ते याच मार्गाने. यात कोणाचाही जीव जात नाही. दाता स्वखुशीने देतो आणि काही आठवड्यांत त्याच्या शरीरातील पेशींची भरपाई होते. ख्रिस्तसभेने या उपचाराला कधीही विरोध केलेला नाही. उलट, ‘दिग्नितास पेर्सोने’ म्हणजे ‘मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा’ या २००८ सालच्या दस्तऐवजात व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त मंडळाने प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून, जन्मसमयी नाळेच्या रक्तातून आणि नैसर्गिक कारणांनी मृत्यू पावलेल्या गर्भातून मूलपेशी मिळविणे नीतिदृष्ट्या ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले आहे. ज्याच्याकडून पेशी घ्यावयाच्या त्याला गंभीर इजा होता कामा नये, ही त्यातील मूळ अट आहे.

भ्रूणाचा प्रश्न

इंग्लंडमधील मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ साली उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. १९९८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणाच्या बाबतीत हे साध्य केले. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांत जास्तीचे म्हणून उरलेले भ्रूण यासाठी वापरण्यात आले. पाच-सहा दिवसांचा भ्रूण हा शेकडा-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा असतो. त्याच्या आतील बाजूस असलेल्या पेशींचा पुंजका बाहेर काढला, की भ्रूणाचा अंत होतो. पेशी जगतात, परंतु ज्या जिवाच्या त्या होत्या तो जीव उरत नाही.

ख्रिस्तसभेचा आक्षेप येथे आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवनाचा आदर केला पाहिजे, ही शिकवण १९८७ सालच्या ‘दोनुम विते’ या दस्तऐवजात आणि १९९५ सालच्या ‘एव्हान्जेलियुम विते’ या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या परिपत्रकात सविस्तर मांडलेली आहे. भ्रूण आकाराने सुईच्या टोकाएवढा असला, तरी तो स्वतःची वाढ स्वतः घडवीत जाणारा मानवी जीव आहे. आपणां प्रत्येकाच्या आयुष्यात तो दिवस होऊन गेलेला आहे. एकाला बरे करण्यासाठी दुसऱ्याला साधन म्हणून वापरता येत नाही, मग तो दुसरा कितीही लहान असो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे अवयव-प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाषण केले. अवयवदानाचे त्यांनी मनापासून स्वागत केले, प्रौढ मूलपेशींच्या संशोधनाकडे बोट दाखविले आणि मानवी भ्रूणाचा नाश करणारा मार्ग मात्र, हेतू चांगला असला तरी, अग्राह्य ठरविला. हे बोलणारे पोपमहोदय स्वतः पार्किन्सनच्या विकाराने ग्रस्त होते. भ्रूणातील मूलपेशींपासून ज्या रोगांवर उपाय सापडेल असे त्या काळी सांगितले जात होते, त्यांत पार्किन्सनचे नाव अग्रभागी होते. २००५ साली देवाघरी जाईपर्यंत त्यांनी ती व्याधी जगासमोर सोसली. दुसऱ्यांच्या दुःखाविषयी बेफिकीर राहून कोणी हा निर्णय दिला, असे म्हणता येणार नाही.

हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य देशांचा होता, असेही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ऑगस्ट २००१ मध्ये, तोपर्यंत अस्तित्वात असलेल्या भ्रूणपेशींच्या संशोधनापुरतेच सरकारी अनुदान मर्यादित केले. त्या वेळी अशा पेशींच्या ज्या मालिका जगभरात नोंदविण्यात आल्या, त्यांत मुंबईतील रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ आणि बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या ३ मालिका होत्या.

क्योतो येथील शोध

वाद असा ऐरणीवर असताना जपानमधील एका शास्त्रज्ञाने प्रश्नाची मांडणीच बदलून टाकली. क्योतो विद्यापीठाचे डॉ. शिन्या यामानाका यांनी विचार केला, की भ्रूणातून पेशी काढण्याऐवजी साध्या पेशीलाच पुन्हा मूळ अवस्थेत नेता येईल काय? तसे होऊ शकते याची चाहूल इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी १९६२ साली दिली होती. बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक त्यांनी बेडकाच्या अंड्यात घातले आणि त्यातून नवे डिंभ वाढले. ठरावीक काम करणाऱ्या पेशीमध्येही संपूर्ण शरीराची माहिती शाबूत असते, हे त्यावरून कळले. योगायोग असा, की यामानाका यांचा जन्मही १९६२ सालचाच.

यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी भ्रूणपेशींत विशेष सक्रिय असणारी २४ जनुके निवडली. ती सर्व त्यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत घातली, तेव्हा काही पेशी मूळ अवस्थेकडे परतल्या. मग एकेक जनुक वगळून त्यांनी पुन्हापुन्हा प्रयोग केले. अखेरीस केवळ ४ जनुके पुरेशी असल्याचे आढळले. हा शोध ऑगस्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये मानवी त्वचेच्या पेशींबाबतही तेच साध्य झाले. त्याच सुमारास, मानवी भ्रूणातून प्रथम पेशी काढणारे जेम्स थॉमसन यांनीही स्वतंत्रपणे या नव्या पद्धतीने पेशी तयार केल्या. या पेशींना ‘आयपीएस’ पेशी असे म्हणतात. भ्रूणातील मूलपेशींप्रमाणेच त्या कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकतात, परंतु त्यांच्यासाठी भ्रूणाचा बळी द्यावा लागत नाही. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

यामानाका कॅथलिक विचारांचे म्हणून या वाटेने गेले, असे नाही. परंतु एका मुलाखतीत त्यांनी सांगितलेली गोष्ट बोलकी आहे. मित्राच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली एक भ्रूण पाहताना आपल्या मुलींची त्यांना आठवण झाली. त्या भ्रूणात आणि आपल्या मुलींत फारसे अंतर नाही, असे त्यांना जाणवले आणि दुसरा मार्ग शोधण्याची निकड वाटली. सद्सद्विवेकाचा आवाज हा विज्ञानाच्या मार्गातील अडथळा असतो, असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. येथे त्याच आवाजाने विज्ञानाला पुढे नेले.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

शोध लागला म्हणून उपचार लगेच हाती येत नाही. त्वचेच्या पेशींत जनुके नेण्यासाठी आरंभी विषाणूंचा वापर करावा लागत असे, आणि चारपैकी एका जनुकाचा कर्करोगाशी संबंध होता. मूळ अवस्थेतील एखादी पेशी चुकून रुग्णाच्या शरीरात गेली, तर तिची गाठ होण्याचा धोका असतो. म्हणूनच संशोधक सावधपणे पावले टाकीत आले आहेत.

सप्टेंबर २०१४ मध्ये जपानच्या कोबे शहरात डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या मार्गदर्शनाखाली, वयोमानामुळे दृष्टिपटल निकामी होत चाललेल्या सत्तरीतील एका महिलेला तिच्याच त्वचेपासून घडविलेल्या पेशींचा थर बसविण्यात आला. आयपीएस पेशींपासून तयार केलेल्या ऊतीचे मानवी शरीरातील ते पहिले प्रत्यारोपण होते. तिची दृष्टी सुधारली नाही, मात्र ती अधिक ढासळण्याचे थांबले. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच संशोधकांनी पुढचे प्रत्यारोपण थांबविले. ही प्रामाणिक सावधगिरी आम्हांला पहिल्या यशाइतकीच महत्त्वाची वाटते.

त्यानंतरची वाटचाल आशादायक आहे. २०२४ साली चीनमधील संशोधकांनी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या एका तरुणीविषयी वृत्त प्रसिद्ध केले. तिच्याच शरीरातील पेशींपासून इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी तयार करून त्या तिला देण्यात आल्या आणि सुमारे अडीच महिन्यांत तिची इन्सुलिनची इंजेक्शने थांबली. एप्रिल २०२५ मध्ये क्योतो येथील पार्किन्सनवरील चाचणीचे निष्कर्ष आले. दुसऱ्या व्यक्तीच्या आयपीएस पेशींपासून घडविलेल्या मेंदूच्या पेशी ७ रुग्णांना देण्यात आल्या होत्या. दोन वर्षांच्या काळात गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत आणि काहींच्या हालचालींत सुधारणा आढळली. रुग्णांची संख्या अल्प आहे, त्यामुळे याला रोगमुक्ती म्हणता येणार नाही. आरंभ मात्र निश्चित झाला आहे.

यश हा नीतीचा निकष नव्हे

येथे एका मोहापासून आपण सावध राहिले पाहिजे. ‘भ्रूणपेशींपासून काहीही साध्य झाले नाही, सारे यश प्रौढ पेशींचेच,’ असा युक्तिवाद आपल्यापैकी अनेकांनी पूर्वी ऐकला असेल, कदाचित केलाही असेल. आज तो टिकणारा नाही. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, भ्रूणमूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १२ रुग्णांना पूर्ण मात्रेत देण्यात आल्या आणि वर्षभरानंतर त्यांपैकी १० जणांना इन्सुलिनची गरज उरली नाही. पार्किन्सनवरही भ्रूणपेशींच्या चाचण्या चालू आहेत. हे सत्य आहे आणि ते झाकण्याचे आपल्याला कारण नाही.

ख्रिस्तसभेने भ्रूणाच्या नाशाला विरोध केला, तो उपचार निरुपयोगी ठरेल म्हणून नव्हे. भ्रूण हा मानवी जीव आहे, हे त्या विरोधाचे कारण होते. उपचार यशस्वी झाला म्हणून ते कारण नाहीसे होत नाही. ज्या कृत्याने एका निरपराध जिवाचा अंत होतो, ते कृत्य दुसऱ्याला लाभ झाल्याने योग्य ठरत नाही. नीतीचा निर्णय यशापयशाच्या आकड्यांवर सोडला, तर उद्या यशाचे पारडे जिकडे झुकेल तिकडे आपली शिकवणही झुकेल. म्हणून, भ्रूणाला धक्का न लावता तोच लाभ देऊ शकणाऱ्या संशोधनाला शब्दांनी, प्रार्थनेने आणि शक्य तेथे धनानेही साहाय्य करणे, हा आपल्यापुढील खरा मार्ग आहे. त्याचबरोबर, आजारी बालकाच्या काळजीने व्याकूळ झालेल्या आईवडिलांचा न्याय करण्याची घाई कोणी करू नये. त्यांना आपल्या सोबतीची गरज असते.

विज्ञान नवे प्रश्नही घेऊन येत आहे. २०२३ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी स्त्रीबीज वा शुक्राणू न वापरता, मूलपेशींपासून चौदा दिवसांच्या मानवी भ्रूणासारखी दिसणारी रचना तयार केली. ती भ्रूण आहे की केवळ त्याची प्रतिकृती, याचा विचार शास्त्रज्ञांना तसाच नीतितज्ज्ञांनाही करावा लागत आहे.

आपल्या घरातील निर्णय

वरील चर्चेतून आपल्या कुटुंबांसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट नाळरक्त-पेढ्यांची. घरात बाळ येणार म्हटले, की गुळगुळीत कागदावरील जाहिरात हाती पडते आणि बाळाच्या नाळेचे रक्त साठविणे हा जणू आयुष्याचा विमा असल्याचे सांगितले जाते. नाळेचे रक्त साठविण्यात नीतिदृष्ट्या काहीही गैर नाही. परंतु थॅलेसेमियासारखा आनुवंशिक विकार बाळाला असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेच्या पेशींतही असतो. त्यामुळे स्वतःचे साठविलेले रक्त स्वतःच्या उपयोगी पडण्याचा संभव अत्यल्प असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली अशा खासगी साठवणीला प्रोत्साहन देऊ नये, असे मत दिले. घरातील एखाद्या मुलाला आधीच प्रत्यारोपणाने बरा होणारा विकार असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एरवी कर्ज काढून ही रक्कम भरू नये.

दुसरी गोष्ट अप्रमाणित उपचारांची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या मान्यताप्राप्त विकारांसाठी केले जाणारे प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा अन्य कोणताही वापर हा संशोधनाचा भाग आहे. नियमानुसार मान्यता मिळालेल्या चाचणीतच तो करता येतो. स्वमग्नतेवरील उपचार म्हणून मूलपेशी देण्याची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. गुडघेदुखी, अर्धांगवायू, स्वमग्नता अशा कोणत्याही व्याधीवर लाखो रुपये घेऊन मूलपेशींचे इंजेक्शन देऊ करणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ही पेशी कोठून आणली? आणि ही नोंदणीकृत चाचणी असेल, तर माझ्याकडून पैसे का घेता?

तिसरी गोष्ट दानाची. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला सख्ख्या भावाची वा बहिणीची मूलपेशी पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. निम्म्या जुळणाऱ्या नातेवाइकाची पेशी वापरण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे, तरीही अनेक रुग्णांना अनोळखी दात्याची वाट पाहावी लागते. दाता एकाच वंशाच्या वा समाजाच्या लोकांत मिळण्याचा संभव अधिक असल्याने आपल्या लोकांचे प्राण पुष्कळदा आपल्याच हाती असतात. नोंदणीसाठी गालाच्या आतील भागाचा बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. पुढे कोणाशी जुळणी झालीच, तर काही दिवस इंजेक्शने घेऊन, रक्तदानाप्रमाणेच हाताच्या शिरेतून काही तासांत पेशी काढून घेतल्या जातात. आपल्या धर्मग्रामांत रक्तदानाची शिबिरे होतात. त्यांच्या जोडीने मूलपेशीदात्यांची नोंदणीही व्हावी, अशी सूचना आम्ही युवक-युवतींच्या संघटनांना आणि धर्मग्राम-परिषदांना करू इच्छितो.

वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाचे नाव-गाव न विचारता त्याच्या जखमा बांधणारा शोमरोनी प्रभू येशूने आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेवला. अनोळखी रुग्णासाठी स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी देणारा दाता तेच करीत असतो. ज्याला बोलता येत नाही अशा इवल्या भ्रूणाचे रक्षण आणि खाटेवर पडलेल्या रुग्णाची सेवा ही एकाच श्रद्धेची दोन कर्तव्ये आहेत. ती दोन्ही पार पाडण्याचे सामर्थ्य दयाळू परमेश्वर आपणां सर्वांना देवो.